चार गावांचा पोस्टमास्तर

निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, असं निवृत्त न झालेली माणसं फार कळकळीनं सांगत असतात. बँकेतून सुटका झाल्यावर पहिल्या महिन्यातच मला चार-पाच छंद सुचवण्यात आले. बागकाम (आमची गॅलरी सहा फूट बाय तीन फूट, त्यात गॅसचं सिलिंडर), हास्यक्लब (मला हसायला कारण लागतं), सकाळी टेकडीवर फिरणं (टेकडीवर सगळे बँकेतलेच भेटतात) आणि नातवंडांना शाळेत सोडणं (नातवंडं न्यूझीलंडला). यांतला एकही न पत्करता मी मेल सर्व्हर पाळला.

'पाळला' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मांजर पाळतात तसाच तो पाळावा लागतो. रोज सकाळी त्याचं तोंड बघावं लागतं, वेळच्या वेळी त्याला खायला घालावं लागतं, आणि तो आपला आहे की आपण त्याचे, हे शेवटपर्यंत ठरत नाही. तो आमच्या घरात मात्र नाही. घरगुती इंटरनेटवर टपालाचं २५ नंबरचं दार कंपन्या बहुधा बंद ठेवतात. म्हणून मुंबईतल्या एका यंत्रागारात भाड्यानं जागा घेतली आहे. महिन्याचं भाडं दोन वेळच्या मिसळीइतकं. "मुंबईत जागा घेतली" असं मी चारचौघांत सांगतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आदर ओसरेपर्यंत पुढचं सांगत नाही.

या जागेत मी चार गावांचं टपाल सांभाळतो. आमच्या पेठेतलं वाचनालय, आमची हौसिंग सोसायटी, माझ्या मामांच्या मसाल्याचा धंदा, आणि आमच्या हिचं भजनी मंडळ. भजनी मंडळाला स्वतःचं डोमेन कशाला हवं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. मी तो मनातच ठेवला. तुम्हीही ठेवा.

आता 'गाव' म्हणजे काय ते सांगतो. ईमेलच्या पत्त्यात मध्ये जे वेटोळं घातलेलं 'अ' असतं ना, ते १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरानं तिथं आणून बसवलं. वेटोळ्याच्या डावीकडे माणूस, उजवीकडे गाव. १९८२ साली पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसं द्यायचं याचे नियम झाले आणि १९८६ साली आणखी एक सोय झाली. एखाद्या गावाला असं जाहीर करता येऊ लागलं की बाबांनो, आमच्या नावचं टपाल अमुक घरी टाका. घर त्या गावातच असलं पाहिजे असं नाही. चार गावांनी एकच घर सांगितलं तरी चालतं. ते घर म्हणजे मी.

शिवाय प्रत्येक गावात 'पोस्टमास्टर' नावाचा पत्ता असलाच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे मी एकाच वेळी चार गावांचा पोस्टमास्तर आहे. ही बातमी मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितली. आमची ही म्हणाली, "मग तेवढं खालच्या पेटीतलं लाइटबिल घेऊन या."

खरी अडचण पुढंच आहे. जुन्या पद्धतीत ज्याला टपालपेटी हवी तो माणूस त्या यंत्राचा रीतसर रहिवासी असावा लागे. यंत्रात त्याचं खातं, त्याची खोली, त्याची किल्ली. एका गावापुरतं हे ठीक. पण मराठी माणसाच्या संस्था एकापेक्षा जास्त झाल्या की काय होतं, तुम्हांला ठाऊकच आहे. प्रत्येक संस्थेत एक अध्यक्ष, एक सचिव, एक खजिनदार. वाचनालयालाही सचिव, सोसायटीलाही सचिव, भजनी मंडळालाही सचिव. एका घरात 'सचिव' नावाचा एकच माणूस राहू शकतो. उरलेल्या दोघांनी कुठं जायचं? सोसायटीच्या सचिवांना आलेली पाणीटंचाईची पत्रं भजनी मंडळाच्या सचिवांच्या हाती पडली असती, तर त्यांनी त्यांना चालसुद्धा लावली असती.

यावर तोड म्हणजे आभासी माणसं. यंत्राच्या दृष्टीनं आत राहणारा एकच मनुष्य असतो, त्याला 'व्हीमेल' म्हणण्याची प्रथा आहे. बाकीचे सगळे नुसते वहीतले. वहीत नाव असेल तर आहेत, नसेल तर नाहीत. देह नाही, खोली नाही, पण टपाल मात्र नियमित येतं. हिमालयात जाऊन जे कळायला बारा वर्षं लागतात, ते आमच्या सर्व्हरमधल्या सचिवांना पहिल्याच दिवशी साधलेलं आहे.

ही वही म्हणजे डेटाबेस. माझा पुतण्या हिंजवडीला कामाला आहे. तो मला डेटाबेस समजावून सांगायला मोठ्या तयारीनं आला होता. "काका, घाबरू नका हं, जरा अवघड आहे," असं म्हणून त्यानं कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. मी चौतीस वर्षं खतावण्या लिहिल्या आहेत. मी त्याला म्हटलं, "बाळ, रेघा सरळ मार."

वह्या तीनच. पहिलीत गावांची नावं. दुसरीत माणसं: पत्ता आणि पासवर्ड. तिसरीत टोपणनावं, म्हणजे या नावानं आलेलं त्या माणसाला द्या. प्रत्येक माणसापुढं गावाचं नाव पुन्हा पुन्हा लिहायचं नाही, फक्त गावाचा अनुक्रमांक घालायचा. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, म्हणजे ती दुसऱ्या जागी वेगळी होत नाही, हे आमचे हेड अकाउंटंट ओरडून सांगत. तेच तत्त्व संगणकवाल्यांनी पुढं शास्त्र म्हणून मांडलं.

मी जो डेटाबेस वापरतो त्याचं नाव मारियाडीबी. फिनलंडच्या मायकेल विडेनियस नावाच्या गृहस्थानं १९९५ साली मायएसक्यूएल काढला. त्यातलं 'माय' हे त्याच्या थोरल्या मुलीचं नाव. पुढं २००८ साली ती कंपनी विकली गेली, मग विकत घेणारीच विकली गेली. तेव्हा या बापमाणसानं तोच संसार नव्यानं मांडला आणि त्याला धाकट्या मुलीचं नाव दिलं: मारिया. ज्या दुसऱ्या कार्यक्रमातून लोक आपलं टपाल उघडून वाचतात, तो डोव्हकॉट. तोही फिनलंडचाच, टिमो सिराइनेन यानं २००२ साली बाहेर आणलेला. फिनलंडात हिवाळा लांबतो आणि नातेवाईक लांब राहत असावेत, त्याचा हा परिणाम.

टपालाची ने-आण करणारा पोस्टफिक्स मात्र डच माणसाचा. वीट्से वेनेमा यांनी तो आयबीएमच्या संशोधनशाळेत असताना लिहिला आणि १९९८ साली सर्वांसाठी खुला झाला. त्याआधी मुख्य कारभार सेंडमेलचा असे. सेंडमेलची सेटिंगाची फाईल इतकी गहन होती म्हणतात, की ती वाचणाऱ्याला ती कळली आहे की तो भ्रमिष्ट झाला आहे, हे बाहेरून ओळखता येत नसे. पोस्टफिक्सची रचना मला एकदम पटली, कारण ती थेट सरकारी कचेरीसारखी आहे. आवक घेणारा वेगळा, कागद नीटनेटका करणारा वेगळा, रांग लावणारा वेगळा, परत पाठवणारा वेगळा. प्रत्येकाला आपल्यापुरतेच अधिकार आणि कुणाचा कुणावर विशेष विश्वास नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही कुणाचा कुणावर विश्वास नाही, पण त्यातून असं काही उभं राहिलेलं नाही.

पत्र दाराशी आलं की पोस्टफिक्स वहीकडे जाऊन विचारतो: हे गाव आपलं का? इथं उत्तर काय यावं याला महत्त्व नाही, काहीतरी यावं. वहीनं नुसतं '१' म्हटलं तरी त्याचं समाधान होतं. मग विचारतो: या नावाचं टोपणनाव आहे का? हा माणूस आहे का? नसेल तर तो दारातच '५५०' असा आकडा टाकून पाहुण्याला वाटेला लावतो. ५५० म्हणजे 'असे गृहस्थ येथे राहत नाहीत.' ४५० म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या.' आमच्या बँकेत हे वाक्य तोंडी सांगावं लागे. या टपालखात्याची चिकाटीही दांडगी. पलीकडचं दार बंद असेल तर पोस्टफिक्स पत्र परत करण्याआधी पाच दिवस पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. इतक्या वेळा जावयाकडेही कुणी जात नाही.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. यंत्राच्या स्वतःच्या गावांची यादी वेगळी असते आणि आभासी गावांची वेगळी. एकच गाव दोन्ही याद्यांत घातलं की पोस्टफिक्स रोजनाम्यात तक्रार लिहितो. दोन ठिकाणी रेशनकार्ड काढणाऱ्याबद्दल लिहावी तशी.

पासवर्डाचं प्रकरण मला सर्वांत आवडलं. पासवर्ड वहीत जसाच्या तसा लिहायचा नसतो, कुटून ठेवायचा असतो. एकदा कुटलेल्या मसाल्यातून धने वेगळे काढता येतात का? तसंच हे. माणूस पुन्हा आला की त्यानं दिलेला पासवर्ड त्याच रीतीनं कुटायचा आणि चव जुळते का पाहायचं. आणि दोघांनी एकच पासवर्ड ठेवला तरी चव एकसारखी होऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या कुटाण्यात वेगळी चिमूट टाकतात. त्या चिमटीला संगणकशास्त्रात खरोखरच 'मीठ' म्हणतात. हे मी भजनी मंडळात समजावून सांगितलं. सगळ्यांना लगेच कळलं. पुतण्या म्हणतो, त्याच्या हापिसात हे समजवायला अर्धा दिवस लागतो.

इतकं करूनही आपलं पत्र जगानं घ्यावं म्हणून दाखले जोडावे लागतात. एक दाखला, की या गावाच्या वतीनं कोणत्या यंत्रानं बोलावं. दुसरा, पत्रावर न पुसणारी मोहोर. तिसरा, वरचे दोन नसतील तर पत्राचं काय करावं याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या दाखल्यांचा आग्रह फारच वाढवला आहे. चार गावांचे हे सगळे दाखले मी एका दुपारी मिळवले. एकाही खिडकीवर कुणी जेवायला गेलेलं नव्हतं.

हे सगळं मी तुम्हांला हौसेनं सांगतोय खरा, पण तिसऱ्या वहीचं महत्त्व मला कळलं ते मसाल्याच्या गावामुळं.

मामा होते तोवर त्या गावात भांडण नव्हतं. 'ऑर्डर' नावाच्या पत्त्यावर येईल ते प्रत्येक पत्र मामा स्वतः वाचायचे आणि एका बोटानं टंकून स्वतः उत्तर द्यायचे. मामा गेले आणि दोन्ही मामेभावांनी वाटण्या केल्या. दुकान थोरल्यांकडे गेलं, कांडपाची गिरणी धाकट्यांकडे. दोन्ही एकाच गल्लीत, समोरासमोर. थोरल्यांनी पाटी लावली 'जुने आणि प्रसिद्ध'. दुसऱ्या दिवशी समोर पाटी लागली, 'मूळचे जुने आणि प्रसिद्ध'. भांडी वाटली, वजनं वाटली, मामांची आरामखुर्चीसुद्धा सहा सहा महिने ठेवायचं ठरलं. डोमेन मात्र राहिलं. ते काही करवतीनं कापता येत नाही.

आधी थोरले आले. म्हणाले, "ऑर्डरचं टपाल यापुढं मला एकट्याला. धाकट्याला एक अक्षर जाता कामा नये." मी चहा दिला. दुसऱ्या दिवशी धाकटे आले. ते जास्त हुशार. म्हणाले, "भाऊ, लोक पत्ता लिहिताना चुका करतात. आपल्या गावच्या नावानं काहीही येवो, डावीकडे काही का लिहिलेलं असेना, सगळं मला पाठव. तेवढंच गिऱ्हाईक तुटायला नको."

वरवर पाहता मागणी साधी आहे. तशी सोयही आहे. टोपणनावांच्या वहीत माणसाचं नाव न लिहिता नुसतं गावाचं नाव लिहायचं, की सगळं एका जाळ्यात. पण यात एक गोम आहे. पोस्टफिक्स टोपणनावांची वही आधी बघतो. तीत पूर्ण पत्ता सापडला नाही तर तिथंच नुसतं गावाचं नाव शोधतो. थोरल्यांचा खासगी पत्ता माणसांच्या वहीत होता, टोपणनावांच्या वहीत नव्हता. म्हणजे धाकट्यांचं जाळं पडलं असतं, तर थोरल्यांच्या घरातलं पत्रदेखील धाकट्यांच्या पेटीत गेलं असतं. यावर उतारा आहे. प्रत्येक माणसाला तो स्वतःच स्वतःचं टोपणनाव आहे, अशी ओळ लिहायची. 'थोरले म्हणजे थोरलेच.' धाकट्यांना ही गोम ठाऊक नव्हती, असं मी आजही धरून चालतो. नात्यात काही गोष्टी धरून चालाव्या लागतात.

मी जाळं टाकलं नाही. 'ऑर्डर' या नावापुढं मी दोन ओळी लिहिल्या: एक थोरल्यांची, एक धाकट्यांची. वहीनं एका प्रश्नाला दोन उत्तरं दिली तर पोस्टफिक्स भांडत बसत नाही. मध्ये स्वल्पविराम घालतो आणि दोघांना एकेक प्रत देतो. दोघांनाही मी समोर बसवून नाही, पण स्पष्ट सांगितलं: मामांच्या नावचं टपाल दोघांना जाईल. मान्य नसेल तर दुसरा पोस्टमास्तर बघा. दुसरा पोस्टमास्तर पैसे घेतो. दोघांनी मान्य केलं.

सात वर्षं हा स्वल्पविराम तेवढा दोघांच्या मध्ये होता, बाकी बोलणं बंद. गिऱ्हाइकाला एका पत्राला दोन उत्तरं जात, दोन भाव जात. गिऱ्हाईक स्वस्तातलं घेई. मग दोघेही स्वस्त करत. मसाला पेठेत इतका स्वस्त कधीच नव्हता.

गेल्या पावसाळ्यात थोरल्यांचा रात्री फोन आला. नागपूरकडच्या कुणा आजींचं पत्र आलं होतं. त्यांच्या लग्नात मामांनी रुखवतात मांडायला गोड्या मसाल्याचा डबा दिला होता. आता नातीचं लग्न होतं आणि त्यांना तसाच मसाला हवा होता, जरा काळसर भाजलेला, दगडफूल अंमळ जास्त. मामा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. पत्राच्या शेवटी मामांना नमस्कार होता. हे सगळं मला थोरल्यांनी फोनवर वाचून दाखवलं, म्हणून ठाऊक. वाचताना ते मध्ये दोनदा थांबले.

मग म्हणाले, "प्रमाण माझ्याकडे आहे रे. मामांची वही माझ्या वाट्याला आली. पण भाजणी धाकट्याच्या हातची. तशी काळसर मला येत नाही. त्यालाही हे पत्र गेलं असेल. त्यानं काय उत्तर दिलं, तेवढं बघून सांग."

"मी नाही बघणार, दादा."

"तुझ्याच तर हातात आहे सगळं!"

"हातात आहे म्हणूनच नाही बघणार."

यात मोठेपणा काही नाही, सवय आहे. चौतीस वर्षं या पेठेतल्या कुणाच्या खात्यात किती आहेत, कुणाची मुदतठेव कुणाला न सांगता मोडली गेली, हे मला ठाऊक होतं. ते आमच्या हिलासुद्धा कधी कळलं नाही. तिनं प्रयत्न कमी केलेले नाहीत. सर्व्हर पाळणाऱ्याला तर चारही गावांची पत्रं उघडून वाचता येतात. कुणी अडवणारं नसतं, कुणाला कळणारही नसतं. म्हणून तर टपालखातं चालवणाऱ्यानं आधी स्वतःच्या हाताला कुलूप लावावं लागतं. बाकीची कुलपं पुतण्या लावून देतो.

थोरले रागावले. थोडा वेळ दोन्हीकडे नुसता पाऊस ऐकू येत होता. मग म्हणाले, "मग मी काय करू?"

"त्यालाच विचार."

"त्याचा नंबर मी पुसून टाकलाय."

"पत्ता माझ्या वहीत आहे. अजून चालू आहे."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं मी सर्व्हरचा रोजनामा पाहिला. रोजनाम्यात मजकूर नसतो. कुणाकडून, कुणाला, किती वाजता, किती मोठं, पोचलं की नाही, एवढंच. लखोट्यावरचा शिक्का असतो ना, तसं. रात्री अकरा चाळीसला थोरल्यांकडून धाकट्यांना एक पत्र गेलं होतं. आकार तीन हजार बाइट, म्हणजे दोन परिच्छेद असावेत. अकरा मिनिटांनी उलट दिशेनं एक आलं होतं, ते जरा लहान. ही दोन्ही पत्रं मुंबईच्या त्या भाड्याच्या जागेबाहेर पडलीच नव्हती. एका पेटीतून शेजारच्या पेटीत, इतकाच प्रवास. त्यांत काय लिहिलं होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

नागपूरला डबा गेला, एवढं कळलं. वर दोन दुकानांची दोन लेबलं होती.

दोघं आता बोलतात. पाट्या अजून तशाच आहेत. समेट झाला असं मी म्हणणार नाही, कारण गेल्याच आठवड्यात दोघेही पुन्हा वेगवेगळे येऊन गेले. गावात 'तक्रार' नावाचा एक नवा पत्ता त्यांनी काढून घेतला आहे. थोरल्यांचं म्हणणं, तक्रारीचं टपाल फक्त धाकट्याला जावं, भाजणी त्याची. धाकट्यांचं म्हणणं, फक्त थोरल्यांना जावं, प्रमाण त्यांचं. मी दोघांनाही चहा दिला आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.